शेजाऱ्याच्या जीपचा क्लच

गिअरबॉक्स उघडल्यावर आत काय असतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीजवळ कुपवाडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. पाहिल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, एवढं सगळं हुतं व्हय आत!" शेडमधली माणसं हसली. आमचे हे हसले नाहीत. पोत्यावर मांडलेल्या त्या तेलकट दातेरी चाकांकडं ते असे बघत होते, जसं काही आपल्याच माणसाचं पोट फाडून ठेवलंय आणि आता डॉक्टर काय सांगतो याची वाट बघायची.

डॉक्टर म्हणजे मिस्त्री. ते माझ्या माहेरच्या गावचे, शिराळ्याकडचे. मी त्यांना मामा म्हणायची. अंगावरचे कपडे काळेकुट्ट, पण डोक्यावरची टोपी पांढरीशुभ्र. तिला डाग लागू नये म्हणून जीपखाली जाताना मान अशी सांभाळायचे, जशा नवरीनं मुंडावळ्या सांभाळाव्यात. जिभेला मात्र असला काही सांभाळ नव्हता.

त्यांच्याकडं जीप आणायची अक्कल माझी. साताऱ्यातल्या दोन मिस्त्र्यांनी "मोडीत घाला" म्हणून हात झटकले, तेव्हा मी पदर खोचून म्हटलं होतं, "आमच्या माहेरचं मामा हायत कुपवाडला. मेलेली जीप उठवत्यात." मामांनी उठवलेली एकही जीप मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण मी सातवी पास. आमच्या गावात सातवी पास सून म्हणजे बॅरिस्टरच. जगात आपल्याला न कळणारं काही नाही, फक्त कुणी विचारत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. हे मिलिटरीत ड्रायव्हर होते. लग्न झाल्यापासून मी नवरा पाहिला तो सुट्टीपुरता. आले की सासूबाई कोंबडं कापायच्या, गावातली माणसं लढाईच्या गोष्टी ऐकायला जमायची, आणि मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायला मिळेपर्यंत ट्रंक पुन्हा खांद्यावर चढलेली असायची. मग एकदाचे नोकरी संपवून कायमचे घरी आले. आलेल्या पैशातून लिलावातली मिलिटरीची जुनी जीप घेतली आणि वाई-सातारा रस्त्यावर माणसं न्यायला लागले. एसटी चुकली की लोक जीपला लटकायचे. त्याला पुढं वडाप म्हणायला लागले. तेव्हा नुसतं "जीपनं आलो" म्हणायचे.

वर्षभरात जीपनं रंग दाखवला. चढ आला की दुसरा गिअर आपोआप सुटायचा. दांडी खाडकन मधे यायची आणि गाडी मागं घरंगळायला लागायची. शेवटी शेवटी चढावर दांडी धरून बसायला एक माणूसच लागायचा. साताऱ्याहून सांगलीपर्यंत तो माणूस मी होते. चढ दिसला की हे म्हणायचे, "धर." मी दोन्ही हातांनी दांडी धरायची, आणि रस्त्यातली माणसं बघायची की ही बाई नवऱ्याच्या शेजारी बसून कसला खुंटा उपटतीय. त्यात आणखी क्लच घसरायचा. इंजिन बोंब मारायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

आता मला काळजी कशाची होती ते सांगते. ह्यांच्या पलटणीतल्या एका दोस्तानं अहमदाबादेकडं कारखान्यात ड्रायव्हरची जागा धरून ठेवली होती. एकट्या माणसाची खोली, वर्षातून एकदा सुट्टी. इकडं महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, की दसऱ्यापासून सीझनभर वाईहून रोज माल आणि कामाची माणसं वर आणायची, काम तुझं. पण आधी भरलेली गाडी एकदा घाट चढवून दाखव. निघायच्या आदल्या दिवशी जेवता जेवता हे म्हणाले, "गाडी घाट चढली तर ऱ्हातो. न्हाई चढली तर मोडीत घालतो आन् जातो अमदाबादला." असं म्हणाले, जसं उद्या बाजारला जातो म्हणावं. सासूबाईंनी ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी चुलीकडं तोंड करून बसले. धूर नव्हता, तरी डोळे पुसले.

तर मामा उकिडवे बसून सांगत होते.

"हे बघा जावयबापू. गिअरची चाकं गेली, ती बदलायचीच. आन् एवढा बॉक्स खाली उतरलाय तर क्लच बी आत्ताच बदला, न्हाईतर म्हयन्यानं पुन्ना हेच सगळं उतरवाय लागंल. आता तुमी जे पैसे सांगताय त्यात एकच गोष्ट नवी बसतीय. चाकं नवी घातली तर क्लचची प्लेट हीच, लायनिंग मारून. क्लच सगळा नवा घातला तर चाकं जुन्या बाजारातली. बोला."

त्यांनी क्लचची प्लेट माझ्यासमोर धरली. भाकरीएवढी लोखंडी थाळी. काठाला वेटोळं बसवलेलं अस्तर, तेच लायनिंग, झिजून खालची रिबिटं उघडी पडली होती. "हा मधला माणूस," मामा म्हणाले. "इंजिनाचं बळ चाकापतूर न्ह्यायचं काम ह्याचं. हा घसराय लागला की इंजिन कितीबी तापू दे, गाडीला त्याचं काय न्हाई." माझं लग्न जुळवणारा मध्यस्थ मला आठवला. तोही दोन्हीकडं गोड बोलून मधल्यामधे घसरला होता.

"लायनिंग मारलेली प्लेट टिकती का?" ह्यांनी विचारलं.

"वज्यावर हाय. माणसं किती घालता?"

"सहा," हे म्हणाले.

जरासुद्धा न थांबता. छाती काढून, परेडला हजेरी द्यावी तसं. माझी मान गर्रकन वळली. सहा? आदल्या बाजारच्या दिवशी आमच्या जीपमधून मी सोळा माणसं उतरताना पाहिली होती, वर टपावर दोन कोंबड्यांची खुराडी आणि एक नवरदेव. नवरदेवाला आत जागा मिळाली नव्हती.

पण ह्यांचाही दोष म्हणावा तर म्हणवत नाही. जीपवाल्याला दिवसातून दहा ठिकाणी कुणी ना कुणी विचारायचं, "किती घालता?" आणि उत्तर एकच असायचं. पोलिसाला सहा, नाक्यावर सहा, तलाठ्याला सहा. सासूबाईंनी काळजीनं विचारलं तरी सहा. आमच्या गावच्या देवळात नारळ फोडताना देवानं विचारलं असतं, तर त्यालाही सहाच ऐकावं लागलं असतं. त्यात शेडच्या बाकावर खाकी पँट घातलेला एक माणूस पाय हलवत बसला होता. त्याला बघितल्यापासून ह्यांचा चेहरा बंद झाला होता. आरटीओचा माणूस असेल, असं ह्यांनी धरलं. लढाईतून आलेला माणूस, पण खाकी पँटला असा घाबरायचा!

मामांनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग जीपच्या मागच्या पाट्यांकडं पाहिलं. स्प्रिंगांचे पाटे वाकून उलटे झाले होते. लहान पोरालाही कळलं असतं. पण मामा बोलणार कसे? गावाचा जावई. जावयाला तोंडावर खोटं पाडायचं म्हणजे साऱ्या गावानं पाहुणचारात मीठ विसरल्यासारखं. ते एवढंच म्हणाले, "सहा तर सहा. मग लायनिंग मारू, चाकं नवी घालू. मी इच्यारलं, तुमी सांगितलं. उद्या माझ्या नावानं शिमगा नगं."

हे म्हणाले, "ठरलं," आणि चहा सांगायला बाहेर गेले.

माझ्या डोळ्यांपुढं वाईहून महाबळेश्वरला चढणारा पसरणीचा घाट उभा राहिला. सोळा माणसं, मालाची पोती, आणि मधे ती डागडुजी केलेली थाळी. घाटात थाळी जळाली की हे खाली उतरणार, गाडीकडं एकदा बघणार, आणि सरळ अहमदाबाद. बोलावं तर नवरा चारचौघांत खोटा पडतो. न बोलावं तर नवराच जातो. मी तिथं बसल्या बसल्या पदराचं टोक इतकं चावलं, की त्याला भोक पडलं. शहाणपणाची सगळी सातवी त्या भोकातून गळून गेली.

शेवटी मला एक युक्ती सुचली. आज मला ती आठवली की हसू आवरत नाही, पण तेव्हा वाटलं होतं, की अशी चलाखी साऱ्या जिल्ह्यात कुणाला सुचली नसेल.

"मामा," मी म्हटलं, "आमच्या शेजारी एकजण हाय. त्याची बी जीप हाय."

"बरं."

"तो सहाच्या जागी सोळा माणसं घालतो."

मामांच्या हातातला पाना थांबला. "आसं?"

"व्हय. आन् वर पोती. त्यानं जर लायनिंग मारलेली प्लेट घातली, आन् पसरणीचा घाट चढायला गेला, तर?"

"तुजा शेजारी घाटात कशाला जातोय?"

"त्याला काम मिळायचंय तिथं."

"कंची जीप हाय त्याची?"

"मिलिटरीची."

"रंग?"

"हिरवा," मी म्हटलं. मामांच्या मागंच आमची हिरवी जीप उभी होती. मला ती दिसत नव्हती असं नाही. पण एकदा खोट्याच्या वाटेनं निघालं, की वळायला जागा सापडत नाही.

"दुसरा गिअर सुटतोय का त्याचा?"

"सुटतोय."

"मग दांडी कोण धरतं?"

"बायको," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

मामांनी टोपी सावरली. चेहरा असा गंभीर, जसे कीर्तनाला बसलेत. "पोरी, तुज्या शेजाऱ्याला माझा निरोप सांग. तेवढ्या वज्याला लायनिंग मारून घाट चढू नगंस म्हणावं. निम्म्या घाटात प्लेट जळंल. क्लच सगळा नवा घाल, आन् चाकं जुनी चालवून घे. चाक जुनं आसलं तर आवाज करंल, पर गाडी वर जाईल."

"जुनं चाक आवाज करतंय, आमाला म्हाईत हाय," बाकावरचा खाकी माणूस मधेच म्हणाला. मी दचकले. ह्या माणसाला मी साफ विसरले होते. "पर शेजाऱ्याला सांगा, सोळा म्हंजे लय झाली. बारा बसवा म्हणावं."

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. आणि मामा, टोपीवाला सज्जन, म्हणतात कसे, "जावयबापू, तुमच्या शेजाऱ्याचं आइकलं. लय वज्या घालतोय गडी."

"कुठला शेजारी?" हे म्हणाले.

आमचं घर गावाबाहेर वस्तीवर. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा गोठा. शेजारी म्हणायला एक म्हैस. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. ह्यांनी मामांकडं, मग बाकाकडं, मग आपल्याच जीपकडं पाहिलं. कपातल्या चहावर साय धरायला लागली. आता हे ओरडणार, की ही बाई शेण खाते म्हणून सगळ्यांसमोर सांगणार, की गप्पच राहून रस्ताभर गप्प राहणार? तिसरं सगळ्यांत वाईट. ह्यांचं गप्प बसणं मिलिटरीत शिकवून आणलेलं होतं.

"तो व्हय," हे शेवटी सावकाश म्हणाले. "तो कुणाचं ऐकत न्हाई."

"बायकोचं बी न्हाई?" मामांनी विचारलं.

"बायको लय शाणी हाय त्याची. न इच्यारता बोलती."

"बरं हाय की मग. एकानं तर बोलायला पायजे."

"आवं, पर त्या शेजाऱ्याला कुणाचं तरी भ्या वाटत आसंल," खाकी माणूस म्हणाला. "आमाला बी वाटतं. मी हितल्या कारखान्याचा वाचमन. फाटकातनं येणारा पाव्हणा साहेब हाय का चोर, कळत न्हाई, म्हणून सगळ्यास्नीच सलाम करतो."

ह्यांनी त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग चहाचा एक घोट घेतला. छाती थोडी खाली आली. "मामा," ते म्हणाले, "शेजाऱ्याला नवा क्लच घाला. प्लेट, प्रेशर प्लेट, सगळं. चाकं जुनी बघा."

"आन् तुमच्या जीपला?"

"आमच्या बी तेच घाला. दोन येगळं कशाला."

ते ठरलं. सांगलीच्या दुकानातून मामांनी नवा सेट आणला. कागदात गुंडाळलेली ती कोरी प्लेट मला इतकी आवडली, की मी पदरानं पुसायला घेतली. मामा ओरडले, "हात लावू नगं! तेलाचं बोट लागलं तर घसरंल." मी हात मागं घेतला आणि पुढचे दोन दिवस तो हात कुठं ठेवावा हेच मला कळेना. जुन्या बाजारातून चाकं आली. त्यांचे दात बरे होते, पण कडा कुणाच्या तरी वापरानं गुळगुळीत झालेल्या. मी ती चाकं बघितली आणि माझं डोकं पुन्हा सुरू झालं. हा निवाडा मी घडवून आणला. आता हीच चाकं मोडली तर? तेव्हा ह्यांना कुणी विचारणार नाही. मी स्वतःलाच विचारणार आणि स्वतःच ओरडा खाणार.

परतीच्या वाटेवर गिअर रडायला लागला. दुसऱ्यात घातला की असा लांब सूर काढायचा, जशी गाडीत कुणाची मयत झालीय. मी म्हटलं, "आवं, हे आसंच ऱ्हाणार?" हे म्हणाले, "शेजाऱ्याला इच्यार."

आठवड्यानं हॉटेलवाल्याला गाडी दाखवायची होती. मामांनी नव्या प्लेटला थोडे दिवस जपा म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही जपून सरळ घाटावर नेली! वाईच्या बाजारातून बटाट्याची आणि कांद्याची पोती भरली, वर हॉटेलात कामाला निघालेली माणसं. मी पुढं बसले. मला येऊ नको म्हणाले होते. मी ऐकलं नाही.

पसरणीचा घाट मी तोवर एसटीतून दोनदा पाहिला होता, तोही डोळे मिटून. त्या दिवशी मिटता येईनात. पहिली वळणं गिअरच्या रडण्यात गेली. खाली वाई लहान होत चालली. माझा हात दांडीकडं जायचा, हे तो बाजूला सारायचे. मधल्या एका वळणावर पुढं एक ट्रक बंद पडून आडवा उभा होता. हे थांबले. मागं उतार, डावीकडं दरी, पाटे दबलेले. मागच्या माणसांतली एक म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली, आणि तिचं ऐकून मीही घ्यायला लागले. इतक्या चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलायची, तेव्हाच क्लचची खरी परीक्षा. एवढं मला तोवर कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

मी ह्यांच्या डाव्या पायाकडं पाहत बसले. जुना लष्करी बूट, त्याची नाडी घट्ट बांधलेली. पाय पेडलवरून हळूहळू वर यायला लागला. इंजिनाचा आवाज जाड झाला. गाडी थरथरली. माझ्या नाकात कसला तरी जळका वास आला, की मनातच आला, कोण जाणे. मी म्हटलं, "जळतंय." हे म्हणाले, "गप." पाय आणखी वर आला. आणि गाडी पुढं सरकली. अगदी बोटभर, मग हातभर, मग ट्रकच्या बाजूनं निघून गेली. मागून कुणीतरी "लय भारी, फौजी!" म्हणून ओरडलं. म्हातारीनं देवाला सोडलं आणि पान काढलं.

महाबळेश्वरला धुकं इतकं, की हॉटेलचा दरवाजा सापडेना. हे आत गेले. मी जीपमध्येच बसले. पोती उतरली, माणसं पांगली, ह्यांचा पत्ता नाही. हॉटेलवाल्यानं नाही म्हटलं असेल. गिअरचं रडणं ऐकलं असेल. दुसरी गाडी आधीच ठरली असेल. मी सगळ्या वाटा मोजून काढल्या. एकही घराकडं येत नव्हती.

हे धुक्यातून बाहेर आले. बसले. स्टार्टर मारला. वळणावर मी म्हटलंच, "काय म्हणाला?"

"दसऱ्यापासनं रोज."

"आन् अमदाबाद?"

ते रस्त्याकडं बघत होते. "सपाट मुलूख हाय म्हणं," ते म्हणाले. "तिथं काय चालवायचं माणसानं."

मला वाटलं होतं, की हे ऐकलं की मी हसेन, नाहीतर रडेन. मी काय केलं? दरीकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, म्हणजे आता रोज हाच घाट! रोज जाताना, रोज येताना!

हे पलटणीत होते तेव्हा महिनोन्‌महिने खबर नसायची आणि मी गाढ झोपायची. आता घरी राहिले, तर दिवेलागणीला यायला जरा उशीर झाला, की मी दारात. धार काढून झालेली, भाकरी टोपल्यात, आणि कान रस्त्याकडं. मग लांबून ते गिअरचं रडणं ऐकू यायचं. ह्यांच्या तोंडून सगळं ऐकलेल्या सासूबाई गोठ्यातून म्हणायच्या, "आला बघ तुजा शेजारी. आता तरी उंबऱ्यावरनं ऊठ." मी उठायची नाही. जीप अंगणात येऊन बंद होईपर्यंत कशाचा भरवसा धरायचा?